संदर्भसूचीतील पुस्तकाची नोंद: ती तशीच का लिहायची?

मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स' या अमेरिकी दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या १५ पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. यादीतले लेखक खरे होते आणि नावाजलेलेही होते. मात्र त्या १५ पैकी १० पुस्तके कधी लिहिलीच गेली नव्हती. यादी तयार करताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली गेली होती आणि तिने पुरवलेली नावे छापण्यापूर्वी कोणी ताडून पाहिली नव्हती. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला होता, कारण त्यांनी न्यायालयापुढे दिलेले अनेक दाखले अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे होते.

दोन्ही प्रकरणांत वरवर पाहता काही खटकण्यासारखे नव्हते. नावे भारदस्त होती आणि मांडणी चोख होती. शोधनिबंध किंवा प्रबंध लिहिणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण संदर्भसूची म्हटले की बहुतेकांचा जीव स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे यातच अडकतो, आणि त्या नोंदीवरून वाचक खरोखर पुस्तकापर्यंत पोहोचतो की नाही हा प्रश्न बाजूला राहतो. मांडणीचे नियम शिकावे लागतातच. पण ते कशासाठी आहेत हे कळले, तर त्यांतले निम्मे पाठ करावे लागत नाहीत.

## नोंद म्हणजे नेमके काय

लेखकाने आपल्या लेखनात ज्या साहित्याचा आधार घेतला, त्याची लेखाच्या शेवटी दिलेली यादी म्हणजे संदर्भसूची. ग्रंथसूची ही तिच्याहून थोडी मोकळी असते. तिच्यात विषयाच्या अनुषंगाने वाचलेली, पण मजकुरात न उल्लेखलेली पुस्तकेही चालतात. संदर्भसूचीत मात्र मजकुरात उल्लेख झालेले प्रत्येक पुस्तक असले पाहिजे आणि उल्लेख न झालेले एकही असता कामा नये. परीक्षक प्रबंध उघडल्यावर बऱ्याचदा आधी हीच जुळणी तपासतात, कारण ती तपासायला विषयाचे ज्ञान लागत नाही.

पुस्तकाची नोंद चार प्रश्नांची उत्तरे देते: कोणी लिहिले, केव्हा प्रसिद्ध झाले, नाव काय आणि कोणी प्रसिद्ध केले. यापलीकडची सगळी माहिती, म्हणजे आवृत्ती, संपादक, अनुवादक, खंड, पृष्ठे, ही गरज पडेल तेव्हाच येते. पाकिटावरच्या पत्त्यात 'हा घर क्रमांक' किंवा 'हे गावाचे नाव' असे लिहावे लागत नाही, कारण कोणती गोष्ट कुठे येते हे ठरलेले असते. नोंदीतही तसेच आहे: कंसातील आकडा म्हणजे वर्ष, तिरप्या अक्षरांतला भाग म्हणजे पुस्तकाचे नाव. विरामचिन्हे इथे लेबलांचे काम करतात. म्हणूनच ती जागची हलली की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

## एकच पुस्तक, चार पद्धती

थॉमस कून यांचा विज्ञानाच्या इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथ १९६२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केला. त्याची नोंद चार प्रचलित पद्धतींनी लिहून पाहू. समाजशास्त्रे, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांत बहुधा एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धत वापरली जाते:

कून, टी. एस. (१९६२). *द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स*. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस.

भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकांची एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धत:

कून, थॉमस एस. *द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स*. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस, १९६२.

इतिहासकारांना प्रिय असलेल्या शिकागो पद्धतीची तळटीप:

थॉमस एस. कून, *द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स* (युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस, १९६२), ४५.

आणि वैद्यकशास्त्रातील व्हँकूव्हर पद्धत:

कून टीएस. द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स. शिकागो: युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस; १९६२.

माहिती जवळपास तीच आहे; बदलला आहे तो क्रम. हा बदल लहरीपणाने झालेला नाही. मानसशास्त्रात एखादा निष्कर्ष किती ताजा आहे याला महत्त्व असते, म्हणून एपीएमध्ये वर्ष लेखकाच्या नावाला चिकटून येते आणि मजकुरातही (कून, १९६२) असा उल्लेख होतो. साहित्याच्या अभ्यासकाला वर्षापेक्षा ते वाक्य नेमक्या कोणत्या पानावर आहे यात अधिक रस असतो, म्हणून एमएलएमध्ये मजकुरात (कून ४५) एवढेच येते आणि वर्ष सूचीच्या टोकाला जाते. इतिहासकाराला दुर्मीळ कागदपत्रांबद्दल चार शब्द जास्त लिहायचे असतात आणि त्यासाठी तळटीप सोयीची असते. वैद्यकीय निबंधांत एकाच विधानाला दहा-दहा आधार द्यावे लागतात. तिथे कंसात नावांची रांग लावण्यापेक्षा क्रमांक देणे परवडते.

या पद्धतींचा इतिहासही रंजक आहे. लेखक आणि वर्ष कंसात देण्याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणून हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ मध्ये शंखविरहित गोगलगाईवर लिहिलेल्या निबंधाकडे बोट दाखवले जाते. त्यावरून 'हार्वर्ड पद्धत' हे नाव रूढ झाले असले, तरी तिची एकच एक अधिकृत नियमपुस्तिका नाही. त्यामुळे 'हार्वर्ड पद्धत वापरा' एवढीच सूचना मिळाली, तर कोणत्या संस्थेची हार्वर्ड पद्धत हे विचारून घेतलेले बरे. शिकागोची नियमपुस्तिका १९०६ पासून निघते. एपीएची सुरुवात १९२९ मधील सात पानांच्या एका लेखापासून झाली आणि आजची तिची पुस्तिका ४०० हून अधिक पानांची आहे. व्हँकूव्हर पद्धत १९७८ मध्ये त्या शहरात भरलेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या बैठकीतून आली. यांतली कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद निष्फळ आहे. आपल्या विभागाने किंवा नियतकालिकाने सांगितलेली पद्धत घ्यावी आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तीच पाळावी.

## आडनाव आधी का, आणि नेहमीच का नाही

सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लावायची असल्यामुळे आडनाव पुढे येते. हे कारण समजले की एक नेहमीचा गोंधळ सुटतो. एमएलएमध्ये दोन लेखकांपैकी पहिल्याचेच नाव उलटे लिहितात आणि दुसऱ्याचे सरळ, कारण क्रम पहिल्यावरूनच ठरतो. एपीएमध्ये मात्र एकसारखेपणासाठी सगळ्याच लेखकांची नावे उलटी लिहितात. संपादित ग्रंथातील एखाद्या प्रकरणाची नोंद करताना प्रकरणाच्या लेखकाचे आडनाव आधी येते आणि संपादकाचे नाव सरळ राहते, कारण त्याच्यावरून कोणी क्रम लावणार नसतो.

जगातल्या सगळ्या नावांना आडनाव असतेच असे नाही. आइसलँडच्या लोकांची नावे त्यांच्या पहिल्या नावाखालीच लावतात, कारण नावाचा दुसरा भाग हा बहुधा वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून आलेला असतो. चिनी आणि हंगेरियन नावांत कुळाचे नाव मुळातच आधी येते. ते उलटे करायला गेले तर आपण चुकीचा भाग पुढे आणतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची नोंद 'गार्सिया'खाली होते, 'मार्केस'खाली नाही. शंका आली की त्या भाषेतील ग्रंथालयाची तालिका पाहावी. तर्कावर सोडू नये. लेखक ही व्यक्ती नसून संस्था असेल, तर संस्थेचे पूर्ण नाव लेखकाच्या जागी जाते, आणि प्रकाशकही तीच संस्था असेल, तर एपीएमध्ये प्रकाशकाचे नाव पुन्हा लिहीत नाहीत.

## आवृत्ती: खरी अडचण इथे आहे

नोंदीत सर्वाधिक चुका होतात त्या वर्ष लिहिताना, आणि त्याही गाफीलपणामुळे. पुस्तकाच्या नामपृष्ठामागील पानावर अनेक वर्षे छापलेली असतात: पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रणे. मजकुरात बदल करून किंवा भर घालून पुन्हा काढलेले पुस्तक म्हणजे नवी आवृत्ती. होता तसा मजकूर पुन्हा छापणे म्हणजे पुनर्मुद्रण. बोलताना आपण दोन्हींना आवृत्तीच म्हणतो, पण नोंदीत आवृत्तीचे वर्ष येते, पुनर्मुद्रणाचे नाही. १९७० ची आवृत्ती १९८५ मध्ये पुन्हा छापली असेल आणि तुमच्या हातात ती १९८५ ची प्रत असेल, तरी वर्ष १९७० च लिहायचे.

यात काय अडते, असे वाटत असेल तर कून यांच्याच ग्रंथाकडे परत पाहा. १९७० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा कून यांनी तिला एक लांबलचक पश्चलेख जोडला आणि आपण 'प्रतिमान' (पॅराडाइम) ही संज्ञा कोणत्या दोन अर्थांनी वापरली याचा खुलासा त्यात केला. तो खुलासा त्या आवृत्तीच्या १७५ व्या पृष्ठावर आहे. आता एखाद्याने तोच उतारा घेऊन मजकुरात (कून, १९६२, पृ. १७५) असे लिहिले, तर १९६२ ची प्रत उघडणाऱ्याला ते पानच सापडणार नाही, कारण पहिल्या आवृत्तीचा मजकूर १७२ पृष्ठांतच संपतो. चूक फक्त एका वर्षाची आहे. पण तिच्यामुळे कून यांनी पहिल्या आवृत्तीवरील टीकेनंतर मांडलेले मत टीकेआधीचे ठरते, आणि विज्ञानाच्या इतिहासावर लिहिणाऱ्याच्या प्रबंधात ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. २०१२ मध्ये, पहिल्या प्रकाशनाला ५० वर्षे झाली तेव्हा, चौथी आवृत्ती इयन हॅकिंग यांच्या प्रास्ताविक निबंधासह निघाली. म्हणून पहिल्या आवृत्तीखेरीज कोणतीही आवृत्ती वापरली, तर ग्रंथनामानंतर तिचा उल्लेख करावा लागतो:

कून, टी. एस. (१९७०). *द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स* (दुसरी आ.). युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस.

आवृत्तीचा उल्लेख तिरप्या अक्षरांत नाही, कारण तो ग्रंथनामाचा भाग नाही. नाव घ्यायचे ते नामपृष्ठावरून, मुखपृष्ठावरून नाही. मुखपृष्ठावर प्रकाशक जाहिरातीची ओळ जोडतो, उपशीर्षक गाळतो किंवा मालिकेचे नाव मोठे छापतो. इंग्रजीत एपीए पद्धतीने पुस्तकाच्या नावाचा पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामे एवढीच मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू करतात, तर एमएलएमध्ये बहुतेक सर्व महत्त्वाचे शब्द. देवनागरीत लिहिणाऱ्यांची या एका कटकटीतून सुटका झाली आहे.

भाषांतरित पुस्तकात लेखक मूळचाच राहतो. अनुवादकाचे नाव ग्रंथनामानंतर येते, वर्ष अनुवादाचे असते आणि एपीएमध्ये मूळ प्रकाशनाचे वर्ष नोंदीच्या शेवटी कंसात देतात. अनुवादकाला लेखकाच्या जागी बसवणे ही वरचेवर दिसणारी चूक आहे. वर्षच छापलेले नसेल, तर अंदाजाने भरू नये. वर्षाचा उल्लेख नाही असे सांगणारे संक्षेप बऱ्याच पद्धतींत ठरलेले आहेत.

## प्रकाशकाचे गाव कुठे गेले?

जुन्या प्रबंधांत 'न्यूयॉर्क:' किंवा 'लंडन:' असे लिहून पुढे प्रकाशकाचे नाव दिलेले दिसते आणि नव्यांत ते नसते, त्यामुळे अनेक जण बुचकळ्यात पडतात. एकेकाळी ही माहिती उपयोगाची होती. एकच पुस्तक दोन शहरांत वेगवेगळे छापले जाई आणि पाठांतही फरक असे. आता मोठ्या प्रकाशकांची कार्यालये अनेक देशांत पसरलेली आहेत आणि नामपृष्ठावर सहा शहरांची नावे असू शकतात. एमएलएने २०१६ मध्ये, एपीएने २०१९ मध्ये आणि शिकागोने २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत आधुनिक पुस्तकांसाठी गावाचे नाव वगळले. १९०० पूर्वीच्या पुस्तकांना मात्र शिकागो आणि एमएलए अजूनही गावाला स्थान देतात, कारण त्या काळी गाव प्रकाशकाइतकेच ओळखीचे होते. वर पाहिलेल्या व्हँकूव्हर पद्धतीत तर ते आजही लागते. त्यामुळे मार्गदर्शकांनी त्यांच्या काळी शिकलेला नियम आणि तुम्ही पुस्तिकेत वाचलेला नियम जुळत नसेल, तर दोघेही बरोबर असण्याची शक्यता आहे.

## 'पुस्तकाला क्रमांक असतो, तेवढा दिला की पुरे ना?'

आक्षेप वाजवी आहे. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. २००७ पासून तो १३ अंकी आहे. पण तो व्यापाराच्या सोयीसाठी जन्माला आला: कठीण बांधणीच्या प्रतीला एक क्रमांक, कागदी बांधणीला दुसरा, ई-पुस्तकाला तिसरा. मजकूर मात्र तिन्हींत एकच असू शकतो. शिवाय जुन्या पुस्तकांना तो नसतोच. म्हणून मुख्य पद्धतींच्या नोंदीत तो मागत नाहीत. डीओआय, म्हणजे डिजिटल साहित्याला दिलेला आणि '१०.' ने सुरू होणारा कायमस्वरूपी ओळखक्रमांक, असेल तर मात्र तो नोंदीच्या शेवटी जरूर द्यावा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी डीओआय त्याच पुस्तकाकडे नेतो. नुसत्या दुव्याला ती हमी नाही.

ई-पुस्तकांत पृष्ठक्रमांक नसतील, तर अक्षरांचा आकार बदलल्यावर सरकणारे स्थानक्रमांक देऊ नयेत; प्रकरण आणि उपशीर्षक सांगून परिच्छेद मोजून द्यावा.

## 'एवढ्या बारकाव्याने कोणाचे काय बिघडते?'

मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत दिले. भौतिकशास्त्रातील एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख त्यांनी तपासले. त्यांपैकी १९६ उल्लेखांत छपाईच्या चुका होत्या. गंमत अशी की वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या, आणि एकच विशिष्ट चूक ७८ वेळा आली होती. ७८ जणांनी स्वतंत्रपणे नेमकी तीच चूक करावी हे अशक्यप्राय आहे. म्हणजे त्यांनी ती दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उतरवून घेतली होती. मूळ निबंध प्रत्यक्ष वाचणारे उल्लेखकर्ते साधारण २० टक्केच असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण उसनवारीचा माग चुकांवरून काढता येतो हे त्यांनी दाखवून दिले.

माझ्या मते नोंदीतील खरा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. सूचीत पुस्तक लिहिले, याचा अर्थ ते मी पाहिले आहे. एखादे मत मूळ पुस्तकात न वाचता दुसऱ्या ग्रंथातील अवतरणावरून घेतले असेल, तर सूचीत तो दुसरा ग्रंथच यायला हवा आणि मजकुरात मूळ लेखकाच्या नावापुढे 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असे म्हणायला हवे. यात कमीपणा काही नाही. दुर्मीळ पुस्तके सर्वांना मिळत नाहीत हे परीक्षकांनाही माहीत असते.

## 'हे सगळे सॉफ्टवेअर करते की!'

करते, आणि वापरावेही. झोटेरोसारखे मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून उपलब्ध आहे. एका कळीसरशी शंभर नोंदी एपीएमधून एमएलएमध्ये बदलतात. हाताने वर्णक्रम लावण्यात रात्री घालवण्यात शहाणपणा नाही. पण सॉफ्टवेअर विरामचिन्हे लावते, माहिती तपासत नाही. ग्रंथालयांच्या आणि दुकानांच्या तालिकांतून जे मिळेल ते ते उचलते: कधी संपादक लेखकाच्या रकान्यात असतो, कधी आवृत्तीचा रकाना रिकामा असतो, कधी पुनर्मुद्रणाचे वर्ष प्रकाशनवर्ष म्हणून येते, कधी संस्थेच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणला जातो. म्हणून नोंद आत घेतली की लगेच, पुस्तक समोर असतानाच, नामपृष्ठाशी ताडून पाहावी. पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर ते राहूनच जाते. नामपृष्ठाचा आणि त्यामागच्या पानाचा फोटो काढून ठेवला, तरी पुष्कळ काम होते.

## आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले संदर्भ?

ही साधने शब्दांमागून शक्य वाटणारे शब्द मांडतात. संदर्भनोंदीचा साचा अत्यंत ठरीव असल्यामुळे त्यांना तो फार चांगला जमतो. परिणामी खोटी नोंद खऱ्याइतकीच नीटनेटकी दिसते, आणि लेखक, विषय, प्रकाशक हे तिन्ही एकमेकांना साजेसे असतात. मांडणी बरोबर आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पडताळणी मात्र अवघड नाही. पुस्तकाचे नाव एखाद्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या किंवा अनेक ग्रंथालयांच्या सामायिक तालिकेत शोधावे. दुसऱ्या लेखातील उल्लेख हा पुरावा धरू नये, कारण तोही त्याच मार्गाने आलेला असू शकतो. प्रकाशकाच्या सूचीत लेखकाचे नाव पाहावे. आयएसबीएन दिला असेल, तर एक छोटी चाचणी घरबसल्या करता येते: १३ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी, तिला १० ने निःशेष भाग गेला नाही, तर क्रमांक चुकीचा आहे. मनाने रचलेला क्रमांक या चाचणीत साधारण दहांपैकी एकदाच निसटतो. भाग गेला, तरी तो क्रमांक त्याच पुस्तकाचा आहे का, हे पाहावेच लागते. पुस्तक खरे असल्याची खात्री झाली, तरी त्यात ते विधान त्या पानावर आहे का, यासाठी पुस्तक उघडण्याला पर्याय नाही. आणि पुस्तक कुठेच सापडले नाही, तर सूचीतील नोंद काढून भागत नाही. त्या नोंदीच्या भरवशावर मजकुरात जे वाक्य लिहिले, तेही काढावे लागते किंवा त्याला दुसरा, स्वतः वाचलेला आधार शोधावा लागतो.